ओढ्यातल्या लॉरीचं दार

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी भलती अपेक्षा करायला नको. माझे वडील पूर्णेला रेल्वेत होते. मालगाडीचं शंटिंग चाललं आणि डबे एकमेकांवर आदळले की मी अंथरुणात उठून बसायची. आई म्हणायची, हिच्या रुखवतात कापूस ठेवा, कानात घालायला. घरातले हसायचे आणि मी आवाज थांबेपर्यंत डबे मोजत राहायची. मोजलं की भीती जरा आटोक्यात राहते, एवढं मला त्या वयात कळलं होतं. ती खोड मेली अजून गेलेली नाही.

त्या खोडीतूनच दुसरा नाद लागला. ज्वारीच्या वाळल्या धाटाची साल दाताने सोलली की आत पांढरं, मऊ भेंड निघतं. लेकरं त्याच्या बैलगाड्या करतात. भेंडाचे तुकडे सालीच्या काड्या खुपसून जोडायचे, चाकाला बाभळीचा काटा टोचायचा, झाली गाडी. मी बैलगाडीवर थांबले नाही. मी रेल्वेचं इंजिन केलं, आणि तेही कुठलंतरी नव्हे. पूर्णेच्या यार्डात एक म्हातारं इंजिन होतं, त्याच्या डाव्या कुशीला पोचा होता आणि शिडीची एक पायरी तुटलेली होती. मी तेच केलं, पोच्यासकट. नुसतं इंजिन करायचं म्हटलं तर माझा हात चालत नाही. समोर एक ठरलेली वस्तू लागते, तिला कुठे ठेच बसलीय, काय काय सोसून ती इथवर आलीय, ते दिसावं लागतं.

लग्न होऊन पालमकडच्या एका गावात आले तेव्हा हे सगळं सुटलं असंच मी धरून चालले होते. पण सासरी महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस, उभ्या, साड्या नेसवून, आणि पुढ्यात आरास. गावातल्या बायका घरोघर आरास बघत हिंडतात, तोंडावर वाखाणतात आणि घरी जाऊन नावं ठेवतात. माझ्या थोरल्या जाऊबाईंना नावं ठेवलेली खपायची नाहीत. माझा हात बघितल्यावर त्यांनी मला कडब्याची पेंढी दिली आणि भादव्यापुरती चुलीपासून सुटका केली. एक साल मी पूर्णेचं इंजिन केलं, एक साल जिनिंगचा कारखाना, एक साल मागची काच फुटलेली पालमची मोटार. माप एकच, वितेला बोट. खऱ्या वस्तूची एक वीत म्हणजे माझ्याकडे एक बोट. त्यात चूक झालेली मला झोपू देत नसे.

घरात शब्द चालायचा थोरल्या दिरांचा. त्यांना सगळे आबा म्हणत. ते कधी ओरडत नसत, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त भीती वाटे. ओसरीवर खुंटीला त्यांची बंदूक असायची. थोरल्या दिराशी बोलायची रीत नव्हती, त्यामुळे मी समोर उभी असले तरी ते जाऊबाईंना म्हणत, ‘तिला सांग.’ मधल्या जावेने एकदा त्यांना उलट उत्तर दिलं होतं. दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून तिला माहेरी घातली. ती परत आली नाही आणि तिची दोन लेकरं आमच्यातच वाढली. मलाही दोन मुली होत्या. रोज त्या चार लेकरांच्या वेण्याफण्या करताना मला ही गोष्ट आठवायची.

आमच्या गावाखाली ओढा आहे. त्यात एक लॉरी रुतून पडली होती, पत्रे ठोकलेली. पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळची. मुळात ती परभणीच्या एका जिनिंगमधली कापसाची लॉरी. संस्थानाच्या शेवटच्या वर्षात तेव्हाच्या सरकारी माणसांनी ती डायवरसकट धरून नेली, चहूबाजूंनी लोखंडी पत्रे ठोकले आणि मागे बंदुकीपुरती फट ठेवली. मग ती गावांवर चालून जाऊ लागली. एका गावच्या वेशीचा दगड तिला घासला, तो लांबच लांब ओरखडा डाव्या अंगाला होता. पुढे हिंदुस्थानच्या फौजेशी तिची गाठ पडली आणि नाकावरचा पत्रा आत दबला. तिथून ती पळाली, आमच्या गावावरून पुढे गेली आणि ओढ्याच्या गाळात बसली. ती मागून अडवली आमच्या आबांनी, आणखी चौघांना घेऊन.

ही हकिगत माहीत नाही असा माणूस तालुक्यात नव्हता. आबा ती सांगत तेव्हा चिलीम विझू देत. ‘मागचा बंदूकवाला आधी पडला. मग मी हाळी दिली डायवरला. एकदा न्हाई, तीनदा. दार उघड, जिवाला धक्का लावत न्हाई. त्यानं दार उघडलं न्हाई. आतून कडी घालून बसला. मंग आमचा विलाज चालंना.’ आबांच्या त्या तीन हाळ्यांचं लोकांना फार कौतुक होतं. मरणाऱ्याला तीनदा संधी देणारा माणूस म्हणजे साधुपुरुषच की. लॉरीचे टायर गावाने चपलांना वापरले होते, पण पत्र्यावरची भोकं मात्र ज्याची त्याची होती. अमुक भोक माझ्या गोळीचं, असं छातीठोक सांगणारी माणसं भोकांपेक्षा जास्त निघाली असती.

त्या दिवशी मी काय करत होते? धान्याच्या खोलीत, कणगीच्या मागे, थोरलीला पदराखाली धरून बसले होते आणि आवाज मोजत होते. आधी पुष्कळ झाले, त्यांचा मेळ लागेना. मग सगळं शांत झालं. दोन भाकरी भाजून होतील इतका वेळ शांत. मला वाटलं संपलं, मी उठायला गेले, आणि पुन्हा लागोपाठ गोळ्या वाजल्या, चार की पाच. पोरगी रडू नये म्हणून मी तिचं तोंड इतकं दाबून धरलं होतं की तिच्या गालावर माझी बोटं उमटली. ती बोटं बघून सासूबाई मला बोलल्या.

डायवरची बायको आमच्याच गावची झाली होती, असं म्हटलं तरी चालेल. ती पालमची, जातीने मनियार, बांगड्या भरायला गावोगाव फिरायची. आम्ही बायका तिला भाबी म्हणायचो. नवरा गेला तेव्हा तिच्या मांडीवर चार महिन्यांची मुलगी होती. आबा तिला सणासुदीला शिधा देत, महालक्ष्मीचा प्रसाद देत, आणि लोक म्हणत, बघा, मनाचा मोठेपणा. भाबी बांगड्या भरताना सगळ्या गावाच्या गोष्टी सांगायची, स्वतःची सोडून. फक्त एकदा, जाऊबाई माडीवर गेलेल्या असताना, ती माझा पंजा दाबत दाबत म्हणाली, ‘धाकल्या बाई, मधी एका रातीपुरतं घरी सोडलं त्याला, तवा निघताना मी पांढरा रुमाल दिला होता. म्हनलं, गोळ्या लागल्या की गाडी थांबव, दार उघड, रुमाल दाखव अन् उतर. आपली न्हाई ही लढाई. त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठिवून कबूल केलं. अन् तीनदा बोलावल्यावर बी दार उघडलं न्हाई. लेकरापेक्षा गाडी प्यारी झाली त्याला.’ मग ती नवऱ्याला एक शिवी देऊन मोकळी झाली. तिच्या तोंडात दुसऱ्या कुणाबद्दल शिवी मी ऐकलेली नाही.

या सगळ्याला आठेक वर्षं झाली असतील. एका उन्हाळ्यात आबा जेवताना जाऊबाईंना म्हणाले, ‘तिला सांग, औंदा आराशीत आपली लॉरी कर म्हनावं. दिवाळीनंतर परभणीचा भंगारवाला खरी उचलायलाय. महालक्षुमीला शाळेच्या कामाला मोठे साहेब यायलेत. त्यास्नी दावायची. जशीच्या तशी झाली पायजे. एक भोक कमी नको अन् एक जास्ती नको.’

मी पदराआडून मान हलवली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. आठ वर्षं मी ती लॉरी येताजाता बघत होते. इतकं सोसलेली दुसरी वस्तू पंचक्रोशीत नव्हती.

ओढा वैशाखात कोरडा पडतो. शेतावर भाकरी पोचवून येताना मी रोज थोडा वेळ तिथे उतरायची आणि विती घालून मोजायची. लांबी सत्तावीस विती भरली, म्हणजे माझी लॉरी सत्तावीस बोटं, सव्वादोन वीत. मुलींच्या पाटीवर एकेका बाजूचं चित्र काढून भोकांच्या जागी ठिपके द्यायची आणि घरी आल्यावर कागदावर उतरवून घ्यायची. मागच्या पत्र्यावर एकोणीस. उजव्या अंगाला सात. डायवरच्या दारावर पाच. नाकाला आणि डाव्या अंगाला एकही नाही. दार एका बिजागरीवर लोंबत होतं. प्रेतं काढताना कुणी उघडलं असेल, असं मी समजले.

भोक मोजताना मी त्यात बोट घालायची. डोळ्याने मोजलेलं चुकतं, बोटाने मोजलेलं चुकत नाही. तर मागच्या एकोणीस भोकांची बाहेरची बाजू गुळगुळीत आणि आतली खरखरीत, बोट फाटेल अशी. आम्ही घरी डब्याच्या पत्र्याला खिळ्याने भोकं पाडून किसणी करतो, तसंच. ज्या बाजूने खिळा मारतो ती बाजू मऊ आणि पलीकडची खरखरीत. उजव्या अंगाच्या सातांचंही तसंच होतं. दाराची पाच भोकं मात्र उलटी होती. आतून मऊ, बाहेरून खरखरीत. मी पाटीवर त्या पाच ठिपक्यांना वेगळी खूण केली आणि घरी आले. तेव्हा एवढंच वाटलं की डायवरने आतून गोळ्या मारल्या असतील.

आषाढात मी बसून काम सुरू केलं. भेंडाचा सांगाडा उभा केला, बाभळीच्या डिंकाने त्यावर चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद चिकटवला, गेरू आणि काजळी चोळून गंज आणला. चाकं लॉरीला उरलीच नव्हती, ती मला करावी लागली नाहीत, नुसते कणे केले. कागद असा की सुई टोचली की पलीकडे बारीक काटे उठायचे, पत्र्यासारखेच. मी एकेक भोक त्याच्या त्याच्या बाजूने पाडलं. मागची बाहेरून, दाराची आतून. मग काट्याच्या बिजागरीवर दार बसवलं आणि लावून बघितलं.

तिथेच माझा हात थांबला. दार लावलेलं असताना त्यातून आतून बाहेर गोळी जायची तर ती डायवरच्या बसायच्या जागेवरूनच मारलेली असणार. आणि लॉरीत बंदूक एकच सापडली होती, मागच्या कप्प्यात, मेलेल्या बंदूकवाल्याजवळ. हे आबाच शंभर वेळा सांगत. मागचा कप्पा आणि डायवरची जागा यांच्यामधला पत्रा मी स्वतः चाचपला होता, त्याला एकही भोक नव्हतं. मग त्या पाच गोळ्या आल्या कुठून? मी दार हळूहळू उघडत गेले. सताड उघडल्यावर त्याची आतली बाजू मागे वळली, गावाकडे, काठावरच्या करंजाच्या झाडाकडे. आबा त्याच झाडाखाली होते.

दार उघडं होतं. पाचही गोळ्या उघड्या दारावर बसल्या होत्या. त्याने आबांची हाळी ऐकली होती, दार उघडलं होतं, आणि मग लागोपाठ वाजलेल्या त्या मी कणगीमागे बसून ऐकल्या होत्या.

मी दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. वाटलं, आपलंच माप चुकलं असेल. दुसऱ्या दिवशी शेतातून येताना पावसात ओढ्यावर गेले. गुडघ्याएवढं पाणी होतं. मी त्या दारावरून तळवा फिरवला आणि तळवा खरचटला. घरी कुणी विचारलं तर काय सांगायचं ते रस्ताभर घोकत आले. कुणीच विचारलं नाही.

आमच्या ह्यांना मी सांगितलं. ते गोठ्यात वासराला पाजत होते. सगळं ऐकून घेतलं आणि वासराकडे बघत म्हणाले, ‘तू काय बी बघितलं न्हाईस. समजलं का? पोरींकडं बघ अन् गप ऱ्हा.’ ते वाईट नव्हते. तेही भित्रेच होते, फक्त पुरुषांना ते कबूल करता येत नाही.

तेव्हापासून मला आबांच्या पावलांची भीती वाटायला लागली. त्यांच्या वहाणा करकरायच्या. ताट वाढून सरकवताना आमटी ओघळायची. स्वतःला मी समजावायची ती कारणं ऐका. भाबीला कळून काय होणार? मेलेला माणूस उठून येणार आहे का? तिने कुठे तोंड उघडलं तर तिचं गावोगावचं फिरणं बंद होईल, कदाचित त्याहून वाईट होईल. म्हणजे माझं गप्प राहणं तिच्याच भल्याचं. अशी मी मोठी परोपकारी झाले होते. खरं कारण एकच होतं, मधल्या जावेसाठी जुंपलेली ती गाडी.

महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी आबा आरास बघायला आत आले. मी खांबाआड झाले. लॉरी पाटावर मांडलेली होती आणि दार मी अर्धवट उघडं ठेवलं होतं. का ठेवलं होतं? मला विचारू नका. हाताने ठेवलं, मी नव्हे. आबा वाकले. मागची भोकं त्यांनी बोटाने मोजली, मान डोलावली, नाकावरचा दबलेला पत्रा बघून हसलेसुद्धा. मग दाराकडे आले आणि हसू गेलं. किती वेळ वाकून उभे होते कोण जाणे. मी श्वास मोजत होते. बावीस झाले.

‘तिला सांग,’ ते जाऊबाईंना म्हणाले, आवाज नेहमीसारखाच, ‘दार बंद होतं. बंदच ऱ्हाऊ दे. काटा मार त्याला.’

जाऊबाई म्हणाल्या, ‘ऐकलंस का गं?’ मी पुढे झाले. त्यांच्या समोर बसून दार लावलं आणि चौकटीत काटा खुपसला. पहिला काटा हातात मोडला. दुसरा लागला. तो लागेपर्यंत आबा तिथेच उभे होते. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की त्यांना कळलंय. त्या दिवशी मी दोन्ही मुलींना डोळ्यांआड होऊ दिलं नाही, अंगणातसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी, पूजेच्या दुपारी, साहेब लोक आले. शाळेचा कार्यक्रम उरकून आमच्याकडे पुरणपोळी जेवले, आरास बघितली, लॉरीला वाहवा दिली. मग ओसरीवर सतरंजी टाकून बसले आणि आबांनी हकिगत सुरू केली. चिलीम विझत चालली होती.

तेवढ्यात प्रसादासाठी भाबी आली. ती नेहमी मधल्या दाराच्या उंबऱ्याशी बसून आरास बघायची. त्या दिवशीही तशीच बसली. लॉरी साहेबांना नीट दिसावी म्हणून उंबऱ्याजवळच मांडली होती, तिच्या हाताच्या अंतरावर. तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तिने लॉरी बघितली आणि तिच्या हातातलं ताट खाली टेकलं. ओसरीवरून आबांचा आवाज येत होता. ‘तीनदा हाळी दिली. दार उघडलं न्हाई.’ साहेबांपैकी कुणीतरी च्‌ च्‌ केलं.

भाबी मला म्हणाली, अगदी हळू, ‘धाकल्या बाई, तुमी तर मोजून मापून करता. तुमी सांगा. हा दरवाजा खरंच बंद होता?’

मी वर बघितलं. ओसरीवरून आबा आमच्याकडे बघत होते. तोंडाने हकिगत चालू होती आणि डोळे माझ्यावर होते.

‘व्हय,’ मी म्हणाले, त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. ‘बंदच होता.’

पण भाबीच्या ताटात पोळी ठेवायला म्हणून मी खाली बसले होते, आणि माझा पदर मध्ये होता. पदराआड मी तिचं बोट धरलं. बांगडीवालीचं बोट ते, काचेची कड फुटकी आहे की धड, डोळे मिटून सांगणारं. ते मी मागच्या पत्र्यावरून फिरवलं. मग उजव्या अंगावरून. मग दारावरून. दारावर ते अडखळलं. ती पुन्हा मागे गेली, स्वतःहून, आणि पुन्हा दारावर आली. मी तिच्याकडे बघितलं नाही. एवढंच पुटपुटले, ‘किसणी.’ आणि उठून स्वयंपाकघरात गेले. चुलीपुढे बसून मी ओसरीवरच्या गडगडाटी हसण्याकडे कान लावला होता, कुणी माझं नाव घेतंय का म्हणून.

कुणी घेतलं नाही. साहेब गेले, महालक्ष्म्या उठल्या, लॉरी आबांनी काचेच्या कपाटात ठेवून घेतली. तिला समजलं की नाही, ते मला कळायला मार्ग नव्हता. एकदा वाटे समजलं असेल, आणि भीतीने जेवण जाईना. एकदा वाटे नाही समजलं, आणि सुटल्यासारखं होई. मग त्या सुटल्याचीच लाज वाटे.

दिवाळीच्या आधी बांगड्या भरायच्या म्हणून भाबी आली. माजघरात टोपली उतरवली. आधी जाऊबाईंच्या भरल्या, मग मुलींच्या. जाऊबाई पसाभर ज्वारी आणायला आत गेल्या तेव्हा ती माझा हात घेऊन बसली. हिरव्या बांगड्या चढवता चढवता ती खाली मान घालून बोलायला लागली.

‘मी वढ्यावर जाऊन आले. चारदा गेले. पानी उतरल्यावर आत शिरून बसले, त्याच्या जागंवर. दरवाज्याला हात लावला.’ माझा पंजा तिने मऊ केला, एक बांगडी सरकवली. ‘उघडला होता त्यानं.’

मी दुसरा हात पुढे केला.

‘आठ वर्सं, धाकल्या बाई. रोज. भाकरी थापताना, पोरीला निजवताना. पोरीला बी तेच सांगितलं म्या, तुझ्या बापाला तू नको होतीस, त्यानं दार उघडलं न्हाई. ती बी आता त्याला शिव्या घालते.’ तिचा आवाज चढला. मी इतक्या वर्षांत तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. ‘त्यानं सबूद पाळला होता. अन् मी काय काय बोलले त्याला. ते आता कसं माघारी घेऊ, तुमी सांगा?’

ओसरीवर वहाणा करकरल्या. आणि मी, जिने सगळं मोजलं होतं, जिला तिच्या आधी तीन महिने सगळं माहीत होतं, मी तिच्या हातातून माझा हात सोडवून घेतला आणि म्हणाले, ‘हळू बोला भाबी. आबा भाईर हायेत.’